गाठीपेक्षा स्लाईडनेच जास्त दमवलं

बाबांच्या गालाच्या आतल्या जखमेची बायोप्सी आमच्याच गावात झाली, कॅन्सर निघाला, तिथपर्यंत सगळं पटापट. अडलं ते जबड्याखालच्या गाठीपाशी. एफएनएसी, म्हणजे सुई घालून पेशी ओढून तपासणी, केली तर रिपोर्टात 'कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, मटेरियल अपुरं'. घरच्यांनी अर्धंच वाक्य वाचून देवापुढे साखर ठेवली. कॅन्सर हॉस्पिटलचे डॉक्टर मात्र म्हणाले, सुईत पेशी आल्या नाहीत म्हणजे गाठीत नाहीत असं नसतं, मूळ स्लाईड (पेशी लावलेल्या काचपट्ट्या) आणि मेणाचे ब्लॉक (त्यात बायोप्सीचा तुकडा बसवलेला असतो) आणा.

झालं, लॅबच्या काउंटरवर आमची वारी सुरू. "रिपोर्ट दिलाय ना, मग स्लाईड कशाला?" अर्ज लिहा म्हणे. लिहिला, तर पेशंटची सही हवी. सही आणली, तर आधारची झेरॉक्स. ती दिली तर मॅडम सुट्टीवर, कपाटाची चावी त्यांच्याकडे! त्यात एफएनएसीची स्लाईड एका रजिस्टरला, बायोप्सीचा ब्लॉक दुसऱ्या, डिपॉझिटची पावती तिसरीकडे. शेवटी काचपट्ट्या हातात आल्या त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर लावून. मी तिथेच उघडून काचेच्या टोकाला पेन्सिलने लिहिलेला नंबर रिपोर्टशी ताडून बघितला, तुम्हीही बघाच, आणि प्लास्टिकची डबी मागून घ्या. अर्ज तर बायोप्सीच्या दिवशीच देऊन ठेवा.

एक काका छातीठोक सांगत होते, टीबीच असणार. आपल्याकडे मानेत टीबीच्या गाठी होतात हे खरंय, दात किडला तरी गाठ सुजते, पण तोंडात कॅन्सर सिद्ध झालाय म्हटल्यावर गाठीत तो पोचलाय का हेच आधी बघायला नको का? आणि कुणी म्हणालं की गाठ कापूनच काढू आणि तपासू, तर आधी कॅन्सर सर्जनला विचारा, सुरुवात सुईनेच करतात.

पुढचं भराभर झालं. सोनोग्राफीत गाठ गोल दिसली, मधला चरबीचा भाग गेलेला, म्हणजे संशयास्पदच. मग सोनोग्राफीत बघतच सुई घातली आणि यावेळी कॅन्सरच्या पेशी सापडल्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुईआधी सांगा. हो, आणि काँट्रास्टच्या (शिरेतून औषध देऊन करायच्या) सीटी स्कॅनला क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागतात, तो आधीच करून न्या.

ऑपरेशनमध्ये गालाबरोबर मानेच्या गाठीही काढल्या, किती गाठींत पसरलं होतं ते काढलेल्या गाठींच्या तपासणीतच नक्की कळलं. लॅबचं डिपॉझिट मात्र अजून अडकलंय, ब्लॉक परत दिल्याशिवाय मिळणार नाही म्हणे.