तुम्ही विचारलंत म्हणून: हिटलरचा रणगाडा घरात कशाला?

गणपतीला आलेलं माणूस आरास बघून झाली की शोकेसपाशी थबकतं आणि हेच विचारतं. यंदा वहिनींनी रोखठोक विचारलं, "भाऊजी, जगात इतके रणगाडे असताना हिटलरचाच कशाला आणलात?" हातात प्रसादाची वाटी असताना एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहून काढलं.

तर, आणला नाही, बांधला. दुसऱ्या महायुद्धातल्या 'टायगर १' या जर्मन रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल, १/३५ प्रमाणात. खरा रणगाडा तोफेच्या नळीसकट जवळजवळ साडेआठ मीटर, माझा चोवीस सेंटिमीटर. (हे ३५ कुठून आलं? जपानच्या तामिया या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटारवर चालणारा पँथर (हाही जर्मन रणगाडाच) काढला. आत सेल मावतील एवढा तो केला आणि ते माप १/३५च्या आसपास निघालं. पुढे तेच रूढ झालं.)

सिनेमे आणि गेम बघून टायगरचा दबदबा डोक्यात पक्का बसतो. ५७ टन वजन, समोर १०० मिलिमीटर पोलाद, ८८ मिलिमीटरची तोफ. खोटं काही नाही त्यात. पण किट बांधायला घेतलंत की आधी चाकं येतात. एका बाजूला आठ आस, प्रत्येकावर तीन चाकं, म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून ४८. तीही सरळ ओळीत नाहीत, पिसलेल्या पत्त्यांसारखी एकमेकांत घुसलेली. एवढं वजन सारखं पेलावं म्हणून. प्रत्येक चाक फ्रेममधून कटरने सोडवायचं, कापल्या जागी राहिलेला टोचरा भाग घासायचा, रबराची कड काळपट रंगवायची. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. सगळं चिकटवून झाल्यावर दिसलं, आतल्या रांगेतलं एक चाक उलटं बसलंय. त्याच्यासाठी बाहेरची पाच उचकटली. त्यात सगळ्यात बाहेरचं, पुढचं, मोडलंच.

मी निदान पंख्याखाली चहा पीत वैतागत होतो. रशियातल्या हिवाळ्यात चाकांमध्ये अडकलेला चिखल रात्रीत गोठायचा आणि सकाळी गाडी हलायची नाही. आतलं चाक बदलायचं तर जर्मन सैनिकांनाही बाहेरची आधी काढावी लागत, फक्त त्यांची पोलादाची होती. असली गाडी भराभर कशी बनणार? ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४, दोन वर्षांत कासेलच्या हेन्शेल कारखान्यातून १,३४७च्या आसपास टायगर निघाले. अमेरिकेने आपले शर्मन रणगाडे ४९ हजारांच्या वर केले.

अंगावरच्या रेघा पाहिल्यात? तो झिमेरिटचा लेप. शत्रूने चुंबकी सुरुंग चिकटवू नयेत म्हणून १९४३च्या उत्तरार्धापासून तो कारखान्यातच लावत. गंमत म्हणजे तसले सुरुंग मुख्यतः जर्मनांकडेच होते. सप्टेंबर १९४४मध्ये हा उद्योग बंद झाला. मी पातळ पुट्टी फासली आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेक रेघ दाबत गेलो. सारवलेल्या भिंतीवर बोटांच्या रेघा उमटतात ना, थेट तशा. बांधता बांधता कळतं, या लोकांनी डोकं कुठे लावलं आणि कुठे वाया घालवलं. पुस्तकात वाचून मला ते कधी इतकं कळलं नव्हतं.

आणि हो, रणगाड्याच्या बाजूला आहे तो जर्मन सैन्याचा क्रॉस, स्वस्तिक नव्हे. मी कोणाच्या बाजूचा, अशी शंका असेल तर त्याच शोकेसमध्ये माणगावच्या यशवंत घाडगेंचा फोटो आहे. १० जुलै १९४४ला इटलीत, तुकडीतले सगळे पडल्यावर, ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीच्या या नाईकाने एकट्याने जर्मन मशीनगनवर झडप घातली. ती बंद पाडली आणि तिथेच गोळी लागून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. हा टायगर त्यांच्या समोरच्या सैन्याचा.

मोडलेल्या चाकाचं मी काही केलं नाही. युद्धातल्या फोटोंत बाहेरचं एखादं चाक नसलेले टायगर दिसतात, म्हणून जागा तशीच सोडली. वहिनींच्या धाकट्याने काचेवर बोट ठेवून नेमकी तीच दाखवली. "काका, याचं चाक पडलंय."