तुम्ही विचारलंत म्हणून: वाकळीला प्रिंटर कशाला?

"तुझी माय तर नजरेनं वाकळ शिवायची, तुला प्रिंटर कशाला लागतो?" परभणीत लग्नाला जा, गंगाखेडला दहाव्याला जा, कुणीतरी विचारतंच. एकदाचं लिहूनच टाकते.

माझा हात वाकडा आहे. बस. मायनं कातरलेला तुकडा शेजारच्याला बरोबर भिडायचा. माझा षटकोन पाचव्या बाजूलाच रुसून बसतो. आणि प्रिंटर काही वाकळीसाठी घेतलेला नाही. पीकविम्याचे कागद, सातबारे काढायला तो घरात आला. रिकामा दिसला की षटकोनाच्या रेघा छापायला मी त्यात कापड घालते.

कसं घालते, हेही विचारता. सुती कापड आधी धुऊन आटवायचं, खळ देऊन इस्त्री करायची आणि ए-फोर स्टिकर कागदावर सुरकुती न पडू देता चिकटवायचं. कडेच्या दशा कातरायच्याच, एक दोरा हेडखाली गेला की गेलं काम. 'फिट टू पेज' बंद, छपाई 100 टक्के. ती 97 वर राहिली तर दोन इंचांची बाजू दीड मिलिमीटरनं आखूड येते. असे षटकोन आपापल्यात नीट जुळतात, पण कालच्या कापलेल्यांत बसत नाहीत. शिलाईचा पाव इंच धरून एका कागदावर चार मावतात. इरकली लुगड्यावर छापून उपयोग नाही, घरच्या प्रिंटरात पांढरी शाई नसते. गडद कापडाला आपला खडूच.

आता ती वाकळ.

माय गेल्यावर तिचं एक लुगडं आणि अण्णांची दोन जुनी धोतरं मी धाकट्या बहिणीसाठी जोडली. धोतराच्या उलट बाजूला रेघा छापल्या. विरविरीत कापडातून काळी रेघ सुलट्या बाजूनं दिसत होती, म्हणून फिकी निळी घेतली. माझ्या प्रिंटरात काळी शाई पिगमेंटची आहे, तिचे कण पाण्यात विरघळत नाहीत. रंगीत तिन्ही डायच्या, त्या विरघळतात. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगते. पण एक चिंधी नळाखाली धरून बघितली होती. पाणी किंचित निळं आलं. वरवरची शाई असेल, इस्त्रीनं बसेल, असं म्हणून चिंधी चुलीत टाकली.

घट बसायच्या आधी बहिणीनं घरातल्या सगळ्या अंथरुणा-पांघरुणाबरोबर ती वाकळ गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेली. दुपारी फोन आला. "अक्का, वाकळीनं शाई सोडली गं." पाणी गढूळ असेल, मी म्हटलं. ती गप्प. मागून कुणाचं तरी धोपटणं ऐकू येत होतं. मग मी साबणाला नावं ठेवली, उन्हाला ठेवली. संध्याकाळी गेले तर तारेवर वाकळ. लुगडं जसंच्या तसं, आणि धोतराच्या प्रत्येक षटकोनाला कडेकडेनं निळसर धूर आल्यासारखा, मधोमध तेवढं पांढरं. बहीण म्हणाली, "राहू दे. नीळ जास्त झाली की अण्णाचं धोतर असंच दिसायचं." ती समजूत होती का टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मी शिलाईची रेघ छापत नाही. फक्त कापायची रेघ, तीही कात्रीबरोबर निघून जाते. आतला पाव इंच अंदाजानं. मग मायसारखंच झालं की, असं म्हणाल. तसं नाही. किंवा असेलही, पण लग्नाच्या पंगतीत मी ते कबूल करणार नाही.

वाकळ दे, ते तुकडे उसवून बदलते, असं बहिणीला दोनदा म्हटलं. देत नाही. बदलायला अण्णांचं धोतर कुठून आणणार, हे अजून तिनंही विचारलेलं नाही.