जाळी, क्रीम आणि मेडिक्लेमची फाइल

लघवीबद्दल लिहायचं की नाही यात दोन महिने गेले. मग म्हटलं आमच्या भिशीत आठ जणी, त्यातल्या निम्म्या तरी शिंक आली की पायावर पाय आवळून बसतात आणि एकही जण तोंडातून शब्द काढत नाही, तर लिहूनच टाकू.

माझं दुखणं जुनं. धाकटा जवळजवळ चार किलोचा, नॉर्मल डिलिव्हरी, आणि चाळिशीनंतर खोकलं, हसलं, जिना उतरताना घाई केली की गळायचं. एसटीत बसायच्या आधी दोन तास पाणी बंद. शेवटी डिसेंबर 2018 मध्ये ऑपरेशन केलं, टीओटी म्हणतात त्याला. मूत्रनळीच्या खालून पॉलिप्रॉपिलिनच्या जाळीची सेंटीमीटरभर रुंद पट्टी झोळीसारखी घालतात आणि तिची दोन्ही टोकं जांघेकडे नेतात. अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. आणि गळायचं खरंच थांबलं हो, चार वर्षं मी पोट धरून हसले. हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून कुणी उगाच धसका घेऊ नये.

2023 च्या सुरुवातीला अंगावरून पाणी जायला लागलं, मधूनच रक्ताचा डाग. पाळी जाऊन सात वर्षं झालेली, त्यामुळं मनात पहिला विचार काय आला ते सांगायला नको. पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, नॉर्मल आला. लघवीला जळजळ म्हणून तीनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. एकदा ह्यांना काहीतरी टोचलं (हे टाईप करताना मी उठून पाणी पिऊन आले). जिथं दाखवत होते तिथं उत्तर एकच, वयोमानानं कोरडेपणा येतो. पट्टीचं कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही, चार वर्षांपूर्वीचं ऑपरेशन आणि आत्ताचा डाग यांचा संबंध डोक्यात येणार तरी कसा.

संबंध लावला तो भाचीनं, ती इंग्लंडमध्ये नर्स आहे. फोनवर म्हणाली, मावशी तुझ्यात मेश आहे ना, म्हणजे ती जाळी, आधी ते बघून घे. तिच्याकडून कळलं की तिकडं जुलै 2018 मध्येच ही ऑपरेशनं थांबवली, 2020 मध्ये तिथल्या सरकारनं नेमलेल्या बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीचा मोठा रिपोर्ट आला, आणि आता मेशचा त्रास असलेल्या बायकांसाठी वेगळी सेंटर्स आहेत. म्हणजे तिकडं जुलैत थांबवलं आणि मी डिसेंबरात हौसेनं घालून घेतलं! त्या रात्री मी तीनपर्यंत मोबाइलवर वाचत बसले आणि सकाळी ह्यांना सांगितलं, सगळी काढून टाकायची.

पुण्यातल्या ज्या युरोगायनॅक (बायकांच्या लघवीच्या दुखण्यांच्या डॉक्टर) मॅडमकडे गेलो त्यांनी तपासायच्या आधीच विचारलं, पट्टी कुठल्या कंपनीची, कुठल्या मार्गानं घातलेली? डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'टीओटी केली' एवढंच. जुन्या हॉस्पिटलात केस पेपर मागितले तर फायली गोडाऊनमध्ये आहेत, फोन करू. तो फोन अजून यायचाय. शेवटी सापडलं कुठं तर मेडिक्लेमच्या फाइलीत, क्लेमसाठी बिलाला पट्टीचा स्टिकर जोडावा लागला होता, त्याची झेरॉक्स. कंपनी, मॉडेल, लॉट नंबर सगळं त्यावर.

तपासल्यावर दिसलं की योनीच्या पुढच्या भिंतीतून पट्टीचा पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा उघडा पडलाय. दुर्बिणीनं मूत्राशय आणि मूत्रनळी तपासली, तिथं पट्टी घुसलेली नव्हती. नशीब, कारण तसं असतं तर प्रकरण फार वाढलं असतं.

मी म्हटलं काढा सगळी. मॅडमनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं चित्र काढून समजावलं. कुंपणाच्या जाळीत वेल कसा गुंतून जातो तसं आपलं मांस त्या भोकांमधून वाढलेलं असतं, जाळी ओढली की वेलही फाटतो. टीओटी पूर्ण काढायची तर जांघेतही कापावं लागतं, गळती परत येऊ शकते आणि दुखणं जाईलच अशी गॅरंटी नाही. ज्यांना कायम दुखतं त्यांच्यासाठी तो विचार करतात, मला दुखत नव्हतं. अमेरिकेत 2019 मध्ये ज्या जाळ्यांची विक्री थांबवली त्या अंग बाहेर येतं त्याच्यासाठी योनीतून घालायच्या, लघवीच्या पट्ट्या नव्हेत, हेही तेव्हाच कळलं. मी रात्रभर दोन्हीची खिचडी करून वाचत होते.

आधी इस्ट्रोजेनचं क्रीम, पंधरा दिवस रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, असे तीन महिने. भोक लहान झालं पण बुजलं नाही. मग कमरेत इंजेक्शन देऊन तेवढाच उघडा तुकडा कापला आणि वरची त्वचा ओढून शिवली. एक रात्र लघवीची नळी, दुसऱ्या दिवशी लघवी पूर्ण होते का ते सोनोग्राफीवर बघितलं, दीड महिना जड उचलायचं नाही. सून कुकरसुद्धा उचलू देईना.

भिशीतल्या एकीचं बरोब्बर उलटं झालेलं. तिची पट्टी घट्ट बसली, ऑपरेशननंतर लघवी उतरेचना आणि ती बिचारी होईल बरं म्हणत महिनाभर नळी घेऊन घरात बसली. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत गेलं तर पट्टी थोडी सैल करता येते म्हणे, नंतर ती मधोमध कापावीच लागते. तिची कापली.

माझा डाग गेला, जळजळ गेली. जोराची शिंक आली तर थोडंसं सुटतं, त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम शिकतेय, जे खरं तर 2018 मध्ये ऑपरेशनच्या आधीच तीन महिने नीट करायला हवे होते. तेव्हा मला एक छापील कागद दिला होता आणि मी तो फ्रीजवर लावला होता.

स्टिकरचा फोटो आता मोबाइलमध्ये आहे. परवा भिशीच्या ग्रुपवर टाकला तर जिची जाळी कापलीय तिनंही कपाट उपसायला घेतलंय, तिची फाइल अजून सापडलेली नाही.