सागरी टँक, महिना पाचवा: स्किमरचा दोष सापडला, तोही भलतीकडेच

मागच्या नोंदीत स्किमरचं, म्हणजे माशांच्या टँकमधली घाण फेसातून कपात काढणाऱ्या यंत्राचं, रडगाणं गायलो होतो. सकाळी कप भरून वाहायचा, तोही पातळ पिवळट पाण्याने. संध्याकाळपर्यंत फेस गळ्याशीसुद्धा चढायचा नाही. तीन आठवडे मी झडप अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे करत बसलो आणि झडपेत काहीच खोट नव्हती.

स्किमर मी संपच्या (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीच्या) शेवटच्या कप्प्यात, पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या शेजारी ठेवला होता. कारण काय, तर तिथे तो मावत होता! टँकची पातळी ओव्हरफ्लो (जादा पाणी संपमध्ये सोडणारा सांडवा) धरून ठेवतो, संपच्या मधल्या कप्प्यांची आडव्या काचा. मग दिवसभरात उडालेलं पाणी कमी होतं ते फक्त शेवटच्या कप्प्यात. माझ्याकडे रोज तीनेक लिटर पाणी उडतं. कप्प्याचा तळ २५ बाय ३५ सेंटीमीटर, म्हणजे पातळी साडेतीन सेंटीमीटरने खाली. मी पाणी भरतो सकाळी. म्हणून सकाळी पूर, संध्याकाळी दुष्काळ.

आता स्किमर मधल्या कप्प्यात आहे. तिथे पाणी २८ सेंटीमीटर खोल आणि याला लागतं २०, म्हणून खाली प्लॅस्टिकच्या जाळीचे तुकडे रचून ८ सेंटीमीटर उंची दिली. बाहेर काढलाच होता तर पंप पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम घेऊन बादलीत तासभर चालवला. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाची खपली धरली होती, ती गरम पाण्याने सुटली. नंतर दोन दिवस स्वारी रुसलेलीच होती, तिसऱ्या दिवसापासून काळपट, घट्ट, नाक धरायला लावणारा माल कपात येऊ लागला. इतक्या घाण वासाने इतका आनंद फक्त आपल्यालाच होत असेल.

नायट्रेट ४० होतं, चार आठवड्यांत १८ वर आलं. स्किमर नायट्रेट काढत नाही, हे नव्यांसाठी सांगून ठेवतो. तो सेंद्रिय घाण कुजण्याआधीच उचलतो; एकदा तिचा अमोनिया, मग नायट्राइट आणि नायट्रेट झालं की त्याच्या हातात काही राहत नाही. आठवड्याला १० टक्के पाणी मी आधीही बदलत होतोच, पण त्याने ४० चं फार तर ३६ होतं, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत मासे ते भरून काढतात. दुसरा बदल फिल्टर सॉकचा, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पिशवीचा. पूर्वी आठवड्याने धुवायचो, म्हणजे अडकलेलं अन्न आठवडाभर त्याच पाण्यात कुजत पडायचं. आता तिसऱ्या दिवशी बदलतो. फॉस्फेट ०.१२ वरून ०.०८ वर आलंय. मुद्दाम आणखी खाली ओढत नाही. दोन्ही शून्यावर नेऊन डायनो (टँकभर पसरणारा चिकट तपकिरी सूक्ष्मजीवांचा थर) ओढवून घेतलेले लोक पाहिलेत.

क्षारतेचा घोळ मात्र पूर्णपणे माझा. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारेपणा मोजणारा मीटर) मी आरओच्या शुद्ध पाण्यावर शून्य लावून निश्चिंत होतो. ३५ पीपीटीचं (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ) कॅलिब्रेशन द्रावण आणून तपासलं, तर मीटर ३७ दाखवतोय. म्हणजे मी ज्याला ३५ समजत होतो ते खरं ३३. मासे नेहमीसारखेच होते, झोआ (फुलांसारखे उघडणारे प्रवाळांचे नातेवाईक) मात्र अर्धवट मिटलेल्या असायच्या आणि मी दोष प्रकाशाला देत होतो. दुरुस्तीसाठी टँकमध्ये थेट मीठ टाकलं नाही. उडालेल्या पाण्याची भर पाच दिवस साध्या आरओ-डीआय (मीठ नसलेल्या शुद्ध) पाण्याऐवजी ३५ च्या खाऱ्या पाण्याने घातली. एकूण पाणी साधारण २३० लिटर, रोज ३ लिटरमधून १०५ ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाला अर्ध्या पीपीटीहून थोडी कमी वाढ. पाचव्या दिवशी ३५ भरलं, सहाव्या दिवसापासून पुन्हा गोडं पाणी. झोआ आठवड्याभरात उघडल्या.

बाकी तापमान २६, अल्कलिनिटी ८.३, कॅल्शियम ४२०. तिथे हात लावायचं कारण नाही.

राहिला पीएच. दिवे लागायच्या आधी ७.८, संध्याकाळी ८.१. खोली रात्री बंद असते, त्यामुळे संशय कार्बन डायऑक्साइडवर आहे. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढायचीय. नळी आणलीय, तोंडाला लावायला जाळीही आहे. घोडं अडलंय ते खिडकीच्या चौकटीला भोक पाडायची घरातून परवानगी मिळण्यावर.