हरणीच्या बरगड्या

रविवारी दुपारी दवाखान्याचं शटर ओढत होते, तेवढ्यात फोन वाजला. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतून हवालदार बोलत होते. "मॅडम, कुत्र्याला उपाशी ठेवल्याची तक्रार आलीय. मालक म्हणतो, जातच अशी असते. मला तर नुसता सापळा दिसतोय. येऊन बघता का?" मागून आणखी एक आवाज ऐकू आला आणि माझा नंबर कुणी दिला ते कळलं. आमच्या क्लबचे सेक्रेटरी काका माझ्याआधी तिथे पोचले होते.

क्लब म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. ठाणे-कळव्यातली, कारवान कुत्री पाळणारी पंधरा-सोळा माणसं. महिन्यातून एकदा पहाटे मैदानावर कुत्री पळवायची आणि नंतर वडापाव. 2020 च्या ऑगस्टमध्ये 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्र्यांची नावं घेतली, त्यात मुधोळ हाउंड, म्हणजे आमचं कारवानच, होतं. मग पिल्लांची चौकशी वाढली. वर्षभरात "घरात मावत नाही हो, सोफा फाडला" असे फोनही यायला लागले. अशा कुत्र्यांना दुसरं घर बघून देणं, हा क्लबचा पहिला उद्योग. बाकीची उद्दिष्टं नंतर जोडली गेली. सख्ख्या भावंडांची जोडी लावायची नाही, पिल्लांचा धंदा करायचा नाही, प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप टोचून केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद करायची. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यावर 15 अंकी नंबर असतो. सुई मात्र चांगली जाड. टोचायला फुकटात डॉक्टर हवी होती, म्हणून मी सभासद.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये माणसं जमली होती. मधोमध हरणी. फिकट तपकिरी, लांबुडक्या तोंडाची, पाय पोटाशी घेऊन बसलेली. मालक पंचविशीचा, नांदेडकडचा. गावी वडिलांकडे ही कुत्री पहिल्यापासून आहेत. हिला इथे आणून सहा महिने झाले होते. तक्रार करणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हाताची घडी घालून उभ्या होत्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज भात घालणाऱ्या, उगाच भांडणाऱ्यातल्या नव्हेत.

सेक्रेटरी काकांनी पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला. जातीचं प्रमाण, म्हणजे या जातीचं कुत्रं कसं दिसावं ते, त्यावर छापलेलं आहे. डोकं लांब आणि अरुंद, छाती खोल, पोट वर ओढलेलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून काका तो कागद घेऊनच फिरतात. मग इतिहास सुरू झाला. कर्नाटकात मुधोळ म्हणतात आणि आपल्याकडे कारवान, केनेल क्लबच्या नोंदीतही कॅरेवान हाउंडच. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी जात जोपासली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली. 2005 साली टपाल तिकिटावर आली. लष्करानं मेरठला प्रशिक्षण दिलं.

"काका, ते जॉर्ज राहू द्या," हवालदार म्हणाले. "हिला खायला घालतात का, ते सांगा."

प्राण्याला पुरेसं अन्न न देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातल्या कलम 11 प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे प्रश्न चेष्टेचा नव्हता. मी तयारीनंच गेले होते. नजरेनं शिकार हेरून पळणाऱ्या या जातीच्या अंगावर चरबी जेमतेम असते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणारच. लॅब्राडॉरच्या मापानं मोजलं तर यातलं प्रत्येक कुत्रं उपाशीच ठरेल. हे सगळं मी हवालदारांना समजावून सांगितलं आणि ते लिहूनही घ्यायला लागले. काकांनी कागद पुन्हा पिशवीत ठेवला.

"आणली तेव्हा अशी नव्हती," काकू म्हणाल्या. "लिफ्टमध्ये रोज बघते मी हिला."

मी हरणीच्या मांडीवर हात ठेवला. खरं तर हे आधी करायला हवं होतं. कारवानच्या अंगावर चरबी नसली तरी मांडी दगडासारखी लागते. ही मऊ होती, मागून चपटी. पाठीचा कणा बोटाला टोचत होता. ओठ वर केला, तर हिरड्या गुलाबी कमी आणि पिवळट-पांढऱ्या जास्त. कानाच्या आत, घडीत, मसुराएवढी फुगलेली गोचीड.

"जेवते का नीट?"

"सोडून देते मॅडम, अर्धं. बाबा म्हणाले, उन्हाळ्यात ही कुत्री कमीच खातात."

रक्त काढलं. संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट आला, त्यात पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, 38. लॅबच्या चौकटीत तो नॉर्मल बसतो, त्यामुळे शेजारी खूण नव्हती. पण ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्यांत हा आकडा 50 च्या वर असणं नेहमीचं. एखादी सडपातळ लॅब्राडॉर असती तर मी 38 बघून घरी गेले असते. किट टेस्ट केली आणि एहर्लिकिया निघाला, गोचिडीतून येणारा ताप. प्लेटलेट्सही उतरल्या होत्या. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, 28 दिवस.

हवालदारांना मी लिहून दिलं की कुत्री उपाशी ठेवलेली नाही, आजारी आहे आणि उपचार सुरू झाले आहेत. त्यांनी विचारलं, "म्हणजे तक्रार खरी की खोटी?" मला एका शब्दात सांगता आलं नाही. सेक्रेटरी काकांना मात्र राग आला होता. जातीवर डाग आला, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या बैठकीत मी सुचवलं, कागदावर एक ओळ वाढवू या, 'दर महिन्याला वजन करा'. यावर पाऊण तास वाद झाला. प्रमाणात वजनाचं कशाला, असं निम्म्यांचं मत. शेवटी ओळ वाढली, पण वेगळ्या कागदावर. तोही लॅमिनेट झालाय.

हरणीचं वजन त्या रविवारी 18.6 किलो होतं. पाच आठवड्यांनी 21.3 भरलं. मालक रजेवर गावी गेला होता तेव्हा उरलेल्या गोळ्या काकूंनीच दिल्या, भातात लपवून. शेवटच्या तपासणीला हरणीला घेऊन त्याच आल्या. काट्यावरचा आकडा त्यांनी दोनदा वाचला, चष्मा वर केला आणि कुत्रीकडे बघून म्हणाल्या, "पण डॉक्टर, बरगड्या अजून दिसतायत."

"दिसणारच, काकू."

त्यांना पटलेलं दिसलं नाही.