मण्यांचं ब्रेसलेट: कोकणच्या हवेत टिकेल असं

पहिल्या ब्रेसलेटसाठी ८ मिमीचे मणी आणि ०.८ मिमीचा इलॅस्टिक दोरा घ्या. तुटलेल्या जुन्या माळेचे मणीही चालतात, खर्च वाचतो. मनगट मोजा, त्यात २ सेंमी मिळवा: मनगट १५ सेंमी असेल तर २१ मणी लागतात. दोरा मात्र ३० सेंमी कापा, गाठ मारताना बोटांत धरता यायला हवा.

ओवण्याआधी दोरा चार-पाच वेळा नीट ताणून घ्या. हे टाळलं की ब्रेसलेट लवकर सैल पडतं आणि मण्यांमधून दोरा डोकावू लागतो. दुसऱ्या टोकाला चिकटपट्टी लावा, नाहीतर मणी घरभर. साधी गाठ इलॅस्टिकवर सुटते. म्हणून पहिल्या गाठीत टोक दोनदा फिरवा, आवळा, वर तशीच आणखी एक मारा. टोकं २ मिमी ठेवून कापा आणि गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात सरकवा. झटपट चिकटणारा गोंद नको. तो वाळून कडक होतो आणि दोरा तिथेच तुटतो.

चार्म म्हणजे ब्रेसलेटला लटकवायचा छोटा शोभेचा तुकडा. त्याची कडी दोन पकडींनी धरून पुढे-मागे वळवून उघडा. बाजूंना फाकवली तर गोलाई जाते, फट राहते, चार्म गळतो. मालवण असो की हर्णै, खाऱ्या दमट हवेत लोखंडी कड्या गंजतात. थोड्या महाग पडल्या तरी स्टेनलेस स्टीलच्याच घ्या.

किनाऱ्यावरचे रिकामे शिंपले चार्म म्हणून फार सुंदर दिसतात. आधी रात्रभर गोड्या पाण्यात भिजवा. भोक पाडताना शिंपला ओलाच ठेवा, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. गुंजा मात्र ओवू नका: बी अतिशय विषारी, लहान मुलांच्या हाती तर नकोच.