उसात सापडलेलं पिल्लू बिबट्याचं की वाघाटीचं?

नाशिक जिल्ह्यात ऊसतोड सुरू झाली की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून पिल्लांचे फोटो फिरायला लागतात. पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांवर, डोळे मिटून पडलेली दोन-तीन ठिपकेवाली पिल्लं आणि खाली ठरलेलं वाक्य : ‘बिबट्याचे बछडे सापडले.’ यातले काही बछडे नसतातच. ती वाघाटीची पिल्लं असतात, आणि बिबट्याच्या नावाने जमलेली गर्दीच त्यांच्या जिवावर उठते.

वाघाटी म्हटलं की पुष्कळांना आषाढी द्वादशीची भाजी आठवते. तो वेल निराळा. ही वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचं वजन 0.9 ते 1.6 किलो, म्हणजे घरच्या चांगल्या पोसलेल्या बोक्याच्या निम्म्याहूनही कमी. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडले तर रानात ती कुठेच नाही. अंग करडं, त्यावर गंजाच्या रंगाचे ठिपके ओळीने. कपाळावरून चार गडद रेघा दोन्ही कानांच्या मधून मागे खांद्याकडे जातात, डोळ्यांच्या आतल्या कडेला पांढरे पट्टे असतात. कान आखूड आणि गोलसर. शेपटी धडाच्या साधारण निम्मी, तिच्यावर ठळक कडी नाहीत. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

मुळात ती पानगळीच्या रानातली, खडकाळ माळावरची आणि झुडपांतली. झाडावर सहज चढते, रात्री हिंडते. पण गोदावरी-कादवाकाठचा ऊस तिला रानासारखाच वाटतो. ‘सुरू’ म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावलेला ऊस वर्षभर उभा असतो, ‘आडसाली’ म्हणजे पावसाळ्यात लावलेला दीड वर्षापर्यंत. एवढा काळ तिथे नांगर फिरत नाही, सावली असते, पाणी असतं, आणि उंदीर, बेडूक, सरडे, किडे हे तिचं सगळं खाणं हाताशी असतं. सरीतल्या पाचटाचा थर कोरडा आणि मऊ, पिल्लं घालायला याहून चांगली जागा तिला कुठे मिळणार? साधारण 65 ते 70 दिवसांच्या गाभणकाळानंतर एक ते तीन पिल्लं होतात. अडचण एवढीच की पिल्लांचे डोळे उघडायच्या आधीच कधी कधी फडात, म्हणजे उसाच्या शेतात, कोयता पोचतो.

आता ओळखायचं कसं? गल्लत होते ती रंगामुळे. वाघाटीच्या लहान पिल्लाच्या अंगावर गंजाचा रंग अजून आलेला नसतो, ठिपके काळेच दिसतात. म्हणून रंग सोडा आणि आकार बघा. नुकतं जन्मलेलं वाघाटीचं पिल्लू 60 ते 77 ग्रॅमचं असतं, कोंबडीच्या मोठ्या अंड्याएवढं. बिबट्याचं पिल्लू जन्मतःच अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतं. डोळे मिटलेले आहेत आणि एका तळहातावर आरामात मावेल असं दिसतं, तर तो बिबट्या नव्हे. मात्र हे उचलून पाहायचं नाही, शेजारच्या उसाच्या जाडीवरून अंदाज घ्यायचा. बाऊल, म्हणजे मोठं रानमांजर, हेही उसात पिल्लं घालतं आणि त्याची पिल्लंही लहानच असतात. तिथे शेपटी बघायची : काळसर कडी आणि काळं टोक असेल तर बाऊल. नक्की कळत नसेल तर बिबट्याचंच आहे असं धरून ऊसतोड मजुरांच्या टोळीने मागे सरावं, कारण मादी त्याच फडात असू शकते.

पिल्लं दिसली की त्या बाजूची तोड थांबवा. आजूबाजूच्या सऱ्या उभ्या राहू द्या, टोळीबरोबरची कुत्री बांधून ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. आई पळून गेलेली नसते, माणसं हटायची वाट बघत असते. पिल्लं घरी नेऊन गाईचं दूध पाजणं ही सगळ्यांत मोठी चूक. ते पचत नाही, हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी बघता बघता संपतं. थंडीत आईची ऊब गेली की तेवढ्यानेही पिल्लू गारठून दगावतं. शिवाय वाघाटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हाच आहे.

वन विभागाची माणसं पिल्लं तपासून, अंधार पडायच्या आधी ती सापडली त्याच जागी उथळ क्रेटमध्ये ठेवतात. क्रेटची कड आईला तोंड घालता येईल इतकीच हवी. बाजूला कॅमेरा लावून सगळे लांब जातात. आई आली की मानगुटीला धरून एकेक पिल्लू नेते, त्यामुळे पहिलं गेल्यावर लगेच क्रेट उचलायला धावू नये. पहिल्या रात्री ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. हे बहुतेकदा फसतं ते बघ्यांमुळे : बॅटऱ्या, मोबाइलचे फ्लॅश, बांधावर उभ्या मोटरसायकली. आणि जागा बदलल्यामुळे. ‘तिकडे जास्त सुरक्षित’ म्हणून पिल्लं दोन शेतं पलीकडे ठेवली, तर आई जुन्या जागीच शोधत राहते.

तोडणी ठरवतानाच टोळीच्या मुकादमाला दोन गोष्टी सांगून ठेवा. फड चारी बाजूंनी तोडत मध्यावर आणू नका. एका बाजूने सुरुवात करून ओढ्याकडे किंवा शेजारच्या उभ्या पिकाकडे सरका, म्हणजे जनावराला निघायला वाट राहते. आणि उभा ऊस पेटवून तोडू नका. आगीत मोठी वाघाटी कदाचित निसटेल, पाचटातल्या पिल्लांना ते शक्य नसतं.